मे महिन्यात नवीन मासे आणायचेत, क्वारंटाइन नेमकं कसं करू?

मानेवाडा_तीनफुटी

तीन फुटी टँक आहे (३६×१५×१८ इंच), भरलेलं पाणी साधारण १४० लिटर. आत ४ एंजल, ८ लेमन टेट्रा, १ ब्रिसलनोज. टँक नऊ महिने जुना, अमोनिया-नायट्राइट शून्य, पीएच ७.६, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ३१०. पाणी नागपूर महापालिकेचं, गच्चीवरच्या टाकीतून येतं. दुपारी खोलीत कूलर असतो, तरी टँक ३२ ला पोचतो, पहाटे २८.

रविवारी १२ रमीनोज टेट्रा आणि ६ कोरी (कोरिडोरास मासे) आणायचा विचार आहे. वेगळा दीड फुटी टँक (१८×१२×१२) रिकामा पडला आहे, नवा स्पंज फिल्टर आणि एअर पंप आहे. एवढ्यात भागेल का? किती दिवस वेगळं ठेवायचं? आणि पिशवी अर्धा तास तरंगवून सोडायची, की थेंब थेंब पाणी घालायचं? दोन्ही बाजूंनी छातीठोक सांगणारे लोक भेटतात.

स्पंजवाला

रविवार रद्द करा. टँक लहान आहे ही अडचण नाही, स्पंज कोरा आहे ही आहे. कोऱ्या स्पंजात जिवाणू नाहीत, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या दिवशी अमोनिया वर येणार आणि मासे रोगाआधी त्यानेच मरणार. मग आपण म्हणतो, "क्वारंटाइनमध्येच मेले, त्यापेक्षा थेट सोडले असते तर बरं."

आजच तो स्पंज मोठ्या टँकमध्ये लावून चालू करा, तीन ते चार आठवडे तिथेच राहू द्या. तेवढा धीर नसेल तर मोठ्या टँकच्या फिल्टरमधला जुना स्पंज किंवा सिरॅमिक रिंगा, एक तृतीयांशापर्यंत, काढून इकडे द्या. त्याहून जास्त काढलं तर तिकडचा तोल जाईल. नुसता गाळ पिळून ओतणं म्हणजे अर्धवट काम.

१८×१२×१२ चा टँक साडेदहा इंच भरला की ३७ लिटर होतात. त्यात अठरा मासे एकदम नको. आधी रमीनोज, त्यांचा काळ संपला की कोरी. खाली रेती-गोटे काही नको, उघडी काच हवी, म्हणजे विष्ठा दिसते आणि सायफनने उचलता येते. लपायला दीड-दोन इंची पीव्हीसी पाइपचे तुकडे टाका. लाकूड आणि खडक नको, कारण ते औषध शोषतात. मागे आणि दोन्ही बाजूंना काळा कागद, वर झाकण. नवे टेट्रा पहिल्या रात्री हमखास उडी मारतात.

एअर पंप पाण्याच्या पातळीखाली असेल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घालाच. वीज गेली की पाणी उलट पंपात उतरतं. जाळी, बादली, सायफनची नळी वेगळी ठेवा आणि त्यावर लाल चिकटपट्टी मारा, नाहीतर घरातलं कोणीतरी तीच जाळी मोठ्या टँकमध्ये घालणार. दोन्ही टँक एकाच स्टँडवर खाली-वर असतील तर काम आधी मोठ्या टँकचं करायचं, नंतर क्वारंटाइनचं, मग साबणाने हात धुवायचे.

थेंब_मोजणारा

पिशवी की थेंब, याचं उत्तर मासा पिशवीत किती वेळ होता यावर आहे. म्हणून दोघेही छातीठोक सांगतात आणि दोघेही अर्धे बरोबर असतात.

बंद पिशवीत मासा श्वास घेतो, कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच खाली येतो. अमोनियाही साठतो, पण कमी पीएचला तो बहुतांश अमोनियम रूपात असतो, फारसा विषारी नाही. पिशवी उघडली की वायू उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. ३० अंशांना पीएच ७ ला एकूण अमोनियापैकी एक टक्काही मोकळा (विषारी रूपातला) नसतो, पीएच ८ ला सात टक्क्यांच्या वर जातो. त्यामुळे कोलकाता किंवा चेन्नईहून दिवसभराचा प्रवास करून आलेली पिशवी उघडून तिच्यात दोन तास थेंब सोडत बसणं म्हणजे माशाला स्वतःच्या लघवीत शिजवणं. अशा पिशवीचं तापमान पिशवी न उघडता जुळवायचं, मग उघडून लगेच जाळीने मासे टँकमध्ये.

इथे अनुभव कमी आणि मीटर जास्त उपयोगी. अशा पार्सलसाठी क्वारंटाइनचं पाणीच आधी पाठवणाऱ्याच्या पाण्याजवळ नेऊन ठेवायचं (पीएच, टीडीएस विचारून घ्या) आणि नंतर आठवडाभरात आपल्या पाण्याकडे सरकवायचं.

तुमच्या बाबतीत मासे शहरातल्याच दुकानातले, पिशवीत तास-दीड तास. इथे थेंब चालतात आणि फायद्याचेही आहेत. दुकानातून निघताना त्यांच्या टँकच्या पाण्यात टीडीएस मीटर बुडवून बघा. फरक शंभराच्या आत असेल तर फक्त तापमान जुळवा, २० मिनिटं पुरतात. बोअरच्या पाण्यावरचं दुकान असेल तर टीडीएस सातशे-आठशेही दिसू शकतो, आणि जास्तीतून कमीत एकदम आणणं माशाला कमीतून जास्तीत नेण्यापेक्षा जड जातं, अंगात पाणी शिरतं. तेव्हा मासे पिशवीतल्या पाण्यासकट बादलीत घ्या, बादली तिरकी ठेवा, एअरलाइन नळीला छोटा व्हॉल्व्ह लावा. २० थेंब म्हणजे साधारण १ मिली. सेकंदाला ३ थेंब सोडले तर तासाला जेमतेम अर्धा लिटर होतो. पाणी दुप्पट झालं की अर्धं फेकून पुन्हा दुप्पट. यात बादली खोलीच्या तापमानाला जाते हे लोक विसरतात. मे महिन्यात कूलरसमोर ठेवली तर थंड, गॅलरीत ठेवली तर गरम. बादली टँकशेजारीच ठेवा.

पिशवीतलं पाणी टँकमध्ये नाही, सिंकमध्ये.

आणि आणायची वेळ सकाळी दुकान उघडताच किंवा दिवे लागल्यावर. दुपारी गाडीच्या डिकीत पिशवी ठेवून सीताबर्डीच्या सिग्नलला उभे राहिलात तर पुढचं काही वाचायची गरज नाही. थर्माकोलचा डबा न्या.

मानेवाडा_तीनफुटी

रविवार रद्द, पटलं. स्पंज मोठ्या टँकमध्ये लावला. दोन गोष्टी राहिल्या. दुकानदार निळं औषध आणि मीठ "पहिल्या दिवसापासून टाका" म्हणतो. आणि पाणी बदलताना गच्चीच्या टाकीचं पाणी चालेल का?

कल्ले_बघा

निळं म्हणजे मिथिलीन ब्लू असेल तर ते फिल्टरचे जिवाणू मारतं. ज्या स्पंजासाठी चार आठवडे थांबणार, तोच पहिल्या दिवशी निळा करणार का? ते अंड्यांसाठी किंवा वेगळ्या भांड्यात थोड्या वेळच्या बुडवणीसाठी ठेवा. काही दिसत नसताना औषध नको. पहिले तीन दिवस फक्त बघायचं: कल्ले किती भरभर हलतात, पर मिटलेले आहेत का, कोणी पाइपला अंग घासतो का. पहिल्या दिवशी खाणं नाही, दुसऱ्या दिवशी चिमूटभर. रमीनोजचं लाल डोकं हा फुकटचा मीटर आहे. फिकं पडलं की आधी पाणी तपासा, औषधाची बाटली नंतर.

क्वारंटाइनचा काळ चार आठवडे. पांढरे ठिपके (इच) २४ ते २६ अंशांना साधारण ३ ते ६ दिवसांत एक चक्र पूर्ण करतात. परजीवी कातडीखाली असताना औषध त्याला पोचत नाही, तळाशी गाठीत असतानाही नाही. गाठ फुटून सुटलेली पिल्लं पोहत असतात तेवढ्यातच तो मरतो. म्हणून ठिपके गेले म्हणून औषध थांबवायचं नाही, शेवटचा ठिपका गेल्यावर आणखी चार दिवस चालू ठेवायचं. मॅलाकाइट ग्रीनवालं औषध टेट्रा आणि कोरींना बाटलीवरच्या मात्रेच्या निम्म्याने, आणि त्याआधी फिल्टरमधला कार्बन काढून. डिसेंबरात हीटरशिवाय हेच चक्र दुपटीहून जास्त लांबतं, तेव्हा "पंधरा दिवसांत काही दिसलं नाही" याला अर्थ नाही.

विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी आणि मासा खात असूनही पोट खपाटीला, तर आतले कृमी किंवा हेक्झामिटा (आतड्यातला सूक्ष्म परजीवी). ती औषधं वेगळी, फोटो टाका मग बोलू. गुदद्वारातून लाल धागे लोंबत असतील तर कॅमॅलेनस कृमी, त्याला लेव्हामिसोल हे जंताचं औषध लागतं, मीठ-हळद नाही.

मीठ: रमीनोजना लिटरला १ ग्रॅम चालतं, म्हणजे ३७ लिटरला ३७ ग्रॅम, तेही दोन दिवसांत तीन हप्त्यांत. चमचा नको, वजनकाटा घ्या. जाडं आणि बारीक मीठ एकाच चमच्यात सारखं भरत नाही. १० लिटर पाणी बदललं तर १० ग्रॅम मीठ परत. पण उडून गेलेलं पाणी भरताना मीठ टाकायचं नाही, कारण मीठ उडत नाही. मे महिन्यात या चुकीने पंधरा दिवसांत मीठ बरंच चढतं. कोरींना मी मीठ देणार नाही.

गच्चीच्या टाकीचं पाणी दुपारी हात लावून बघा, पोळतं. पहाटे साडेपाचला भरून ठेवा, बादलीत एअर स्टोन सोडून दुसऱ्या दिवशी वापरा. क्लोरीनसाठी हायपोचे (सोडियम थायोसल्फेट) खडे केमिकलच्या दुकानात मिळतात. १० ग्रॅम घेऊन १०० मिली द्रावण करा. १० लिटरच्या बादलीला १ मिली पुरतं, नळाला क्लोरीनचा उग्र वास असेल त्या दिवशी २ मिली. हायपो अमोनिया बांधत नाही, तेवढं लक्षात असू द्या. पहिले दोन आठवडे दिवसाआड ८-१० लिटर बदला आणि अमोनिया रोज तपासा.

इतवारी_काच

वरचं सगळं ठीक, पण मूळ गोष्ट कोणी बोलून नाही राहिलं. मे महिन्यात कोरी कशाला घेता, भाऊ? ब्राँझ कोरी २२ ते २६ चा मासा. तुमचा टँक ३२ ला. ३० अंशांना पाण्यात जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, २० ला नऊच्या वर. कोरी सारखी वर येऊन हवा घेऊन राहिली तर समजा तिला पुरत नाही. आणि इच झाला तर तापमान ३० वर नेण्याचा इलाजही तुमच्याकडे नाही, तिथे तर तुम्ही आधीच आहात. कोरी ऑगस्टनंतर घ्या.

टँक थंड करायला बर्फाची बाटली टाकू नका. एक लिटरची गोठलेली बाटली पूर्ण वितळली की ३७ लिटरचा टँक तीनेक अंश खाली येतो, आणि संध्याकाळी परत वर. हाच चढउतार इचला आवडतो. त्याऐवजी झाकणाच्या जागी जाळी आणि पाण्यावर तिरका छोटा पंखा. आपल्याकडे मे महिन्यात हवा कोरडी, दोन-तीन अंश सहज उतरतात. जूनअखेर पाऊस लागला की हाच पंखा निकामी, तेव्हा घाबरू नका, तोवर बाहेरचंच तापमान उतरलेलं असतं. पंख्याने रोज लिटरभर पाणी उडेल, ते आरओच्या पाण्याने भरा. नळाच्या पाण्याने भरत राहिलात तर टीडीएस चढत जातो. पाणी बदलायला मात्र आरओ नाही.

एअर पंप कछुआछाप आणि अगरबत्तीच्या खोलीत नको, धूर थेट पाण्यात ढकलतो.

चौथ्या आठवड्यात मोठ्या टँकमधला एक लेमन टेट्रा क्वारंटाइनमध्ये सोडा. नवे मासे दिसायला निरोगी असूनही काही बाळगून असतील तर तो आधी पडेल. गेला तर एक, नाहीतर तेरा.

कल्ले_बघा

लेमनचं मला पटत नाही. टोळीतून एकटा काढलेला टेट्रा नुसत्या ताणानेच आजारी पडतो, मग काय सिद्ध झालं? त्यापेक्षा मोठ्या टँकचं पाणी रोज दोन लिटर इकडे घाला. तुमच्या जुन्या माशांचे जंतू नव्यांना सोसतात का ते कळेल. उलट दिशेने मात्र एक थेंबही नाही.

इतवारी_काच

पाण्याने अर्धंच कळतं, नव्यांचं जुन्यांना काय होतं ते नाही. एकटा नको तर दोन सोडा.

मानेवाडा_तीनफुटी

कोरी रद्द, फक्त रमीनोज, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. दोन लेमन सोडेन. पंखा कोणत्या मापाचा?

इतवारी_काच

कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा, १२० मिमी. जुन्या राउटरचा अडॅप्टर चालतो, फक्त त्यावर १२ व्होल्ट लिहिलंय बघा. वायर टँकच्या काठावरून सरळ बोर्डाकडे नेऊ नका, मधे खाली झोळ द्या, म्हणजे थेंब वायरवरून बोर्डात न जाता खाली पडतो.