सालई, मोई की कांडोळ? गौताळ्यालगतचं झाड ओळखायला मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी कन्नड तालुक्यातला, गाव गौताळा अभयारण्याला लागूनच. आमच्या ग्रामपंचायतीची जैवविविधता समिती लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातली झाडं-प्राणी आणि त्यांची लोकांकडची माहिती लिहायची वही, नव्यानं लिहिते आहे (२००२ च्या जैविक विविधता कायद्यातली), आणि झाडांचं काम माझ्याकडे आलंय.

पळस, टेंभुर्णी, अंजन, धावडा यांची अडचण नाही. पत्रावळीला पळस, विडीला टेंभुर्णी, जनावरांना अंजनाचा पाला, हे पोरंसोरंही सांगतात. घोडं अडलंय ते डिंकाच्या एका झाडाशी. खडकाळ उतारावर भरपूर आहे. सध्या अंगावर पान नाही. साल राखाडी-हिरवट, तिचे कागदासारखे पापुद्रे सुटतात. फांद्यांच्या टोकाला बारीक पांढरट फुलांचे तुरे. तांड्यावरच्या आजी सालई म्हणतात, गावातले म्हातारे मोई, आणि गुराखी काका कांडोळच म्हणून ठाम.

धावड्याचा डिंक बाळंतिणीच्या लाडवात जातो, सालईचा धुपाला. रकाने उलटसुलट झाले तर पुढची पोरं तेच खरं धरतील, याची मला फार काळजी आहे. अभयारण्यात फांदी तोडायची नाही, म्हणून फक्त फोटो काढतोय.

पानं नसताना ही तिन्ही झाडं वेगळी कशी ओळखायची? आणि वैदू मंडळींची औषधं नोंदवहीत कितपत उघडी लिहावीत?

प्रतिसाद

दादा, वर्णनावरून सालईच वाटते. कांडोळ आधी बाजूला काढा: त्याचं खोड पांढरंफटक, पान पंजासारखं, फळ पाच फाकांचं आणि वर टोचरी लव, हात लावू नका. सालई आणि मोई दोघींच्या एका देठावर पुष्कळ पर्णिका (एकाच पानाचे छोटे छोटे भाग) असतात, म्हणून घोळ होतो. झाडाखालचा वाळका पाला बघा. सालईच्या पर्णिकेची कड दातेरी, मोईची साधी. पुढे फळं धरली की सालईचं फळ तीन धारांचं दिसेल.

मालकीच्या रानात एखादं झाड असेल तर डिंकाचा खडा निखाऱ्यावर टाका. सालईचा असेल तर धुपासारखा वास घरभर होतो. कांडोळाचा पाण्यात टाकला की फुगून लगदा होतो.

औषधांचं मात्र ज्याचं ज्ञान त्यालाच विचारा. नको म्हणाले तर झाड, जागा, हंगाम एवढंच लिहा. मात्रा आणि कृती वगळा. आमच्याकडे लिहिलेलं पान त्यांना वाचून दाखवतो, मगच पक्कं करतो.

पाल्याचे फोटो टाका, कडेचा एक अगदी जवळून.