मदत हवी: फियाटचा गिअर लूज झालाय, रविवारी वरात आहे

धडपड्या: गिअरचा दांडा नुसता लोंबतोय. गिअर पडला की नाही तेच कळत नाही. रविवारी भावाची वरात याच गाडीतून काढायची आहे. मेकॅनिक म्हणतो गिअरबॉक्स उतरवावा लागेल. घरी काही करता येईल का? लवकर सांगा.

निमिष: फियाट युनोच्या खालच्या लिंकेजचे, म्हणजे दांडा गिअरबॉक्सला जोडणाऱ्या सळयांचे, प्लास्टिकचे बुश (जोडातल्या नळ्या) जातात. गाडी वर घेऊन बघा.

धडपड्या: युनो कुठली! जुनी फियाट, प्रीमियर पद्मिनी आहे.

कुर्लेकर: कोणत्या सालची? शेवटच्या काहींना खालचा, म्हणजे दोन सीटांमधला गिअर होता. आणि सगळेच गिअर अडतात की ठरावीक?

धडपड्या: ७८ची, स्टिअरिंगवरचा. पहिला-दुसरा पडतो. दुसऱ्यावरून तिसऱ्यात टाकताना अडकतो, मग बॉनेट उघडून हाताने सोडवतो.

कुर्लेकर: अहो, मुख्य गोष्ट तीच! गिअरबॉक्सला हात लावू देऊ नका. दांडा स्वतःकडे ओढून किंवा पुढे ढकलून आपण गिअरची जोडी (पहिला-दुसरा की तिसरा-चौथा) निवडतो, वर-खाली करून गिअर टाकतो. तुमचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, निवडण्याच्या बाजूला दिसतोय. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला. एकाला आत बसवून दांडा हलवायला लावा, तुम्ही स्टिअरिंगच्या दांड्याच्या (कॉलमच्या) तळाशी बघा. ज्या जोडाला अलीकडचा भाग हलतो आणि पलीकडचा ढिम्म राहतो, तिथला बुश नाहीतर पिन गेलीय.

अप्पा_मिरज: बाजारातले बुश आणूच नका. गनमेटलचे (एक प्रकारच्या काशाचे) करून घ्या, आयुष्यभर बघायला नको.

कुर्लेकर: अप्पा, गनमेटलने सगळी थरथर दांड्यात येते. शिवाय ग्रीस विसरलात की पिन खाते.

अप्पा_मिरज: मग विसरू नका! मुंबईत काळ्या-पिवळ्या पद्मिनी २०२३ पर्यंत धावल्या, त्या काय कंपनीच्या बुशवर?

रोहन_के: एवढी कटकट कशाला? खालचा गिअर बसवून टाका.

विंटेजवेडा: अजिबात नको. २०२१च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झाली की व्हिंटेज नोंदणी मिळते, पण गाडीत मोठे फेरफार नसतील तरच. तुमची २०२८ला बसेल. नव्या नोंदणीचे २०,००० रुपये.

रोहन_के: त्यांना वरात या रविवारी काढायचीय, २०२८ला नाही.

धडपड्या: सापडलं! खालच्या जोडातल्या बुशचा भुगा झालाय. स्प्लिट पिनच्या (टोकं वाकवून अडकवायच्या पिनेच्या) जागी कोणा महाभागाने तार पिळून ठेवलीय. कोल्हापुरात बुश मिळेल का?

अप्पा_मिरज: कोल्हापुरात बसून बुश शोधताय? उद्यमनगरात लेथवाल्याला जुनी पिन दाखवा, बसल्या बसल्या करून देईल. गनमेटलच सांगा.

कुर्लेकर: जे मिळेल ते बसवा, पण तार पुन्हा नको, स्प्लिट पिनच टाका. नंतर गाडी जागेवर उभी ठेवूनच चारही गिअर आणि रिव्हर्स टाकून बघा. रेझ दिल्यावर दांडा नाचत असेल तर इंजिन ज्यावर बसतं त्या माउंटिंगचे रबरही बघा.

शिरीष_सांगली: गिअरचं राहू दे, वरातीत गाडी तापणार. फॅनचा पट्टा तपासा आणि रेडिएटरचं पाणी सकाळीच बघून ठेवा. बेंजोवाले चौकाचौकात थांबवतात.

धडपड्या: बेंजो नाही, हलगी आहे. पट्टा नवाच आहे.

गाडीप्रेमी: रंग कोणता? लग्नानंतर विकायची आहे का?