दशावतारावर पेपर, परदेशातली कॉन्फरन्स आणि तीस हजार फी... भरू का?

पायपेटी (कुडाळ):
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या. मी कुडाळजवळच्या एका कॉलेजात मराठीला सीएचबीवर (म्हणजे तासांप्रमाणे मानधनावर) शिकवते, चौथं वर्ष चालू आहे. पीएचडी दशावतारावर, म्हणजे आपल्या तळकोकणातल्या लोकनाट्यावर, त्यातही आख्यानातल्या (रात्रभर रंगणाऱ्या पौराणिक कथेतल्या) भाषेवर. संहिता कागदावर नसते, मेकअप करता करता कथानक ठरतं आणि पुढे रात्रभर संवाद तिथल्या तिथे रचले जातात, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे पण त्यावर बारकाईने काम फार कमी झालंय असं मला वाटतं.

तर झालं असं की रविवारी रात्री एका 'इंटरनॅशनल कॉन्फरन्स ऑन ह्युमॅनिटीज' ला ॲबस्ट्रॅक्ट पाठवलं, आणि मंगळवारी सकाळी ॲक्सेप्टन्स हजर! बँकॉकला आहे, हॉटेलात, दोन दिवस. फी साडेतीनशे डॉलर, म्हणजे तीस हजाराच्या आसपास, प्रवास वेगळा. ऑनलाईन प्रेझेंट केलं तर निम्मी फी. सर्टिफिकेट, आयएसबीएनवालं पुस्तक, शिवाय 'बेस्ट पेपर अवॉर्ड' साठी माझं नाव शॉर्टलिस्ट झालंय म्हणे. डिपार्टमेंटमधले म्हणतात भरून टाक, परमनंट जागेच्या इंटरव्ह्यूला इंटरनॅशनल लागतंच. पण माझं मानधन दिवाळीचं शिमग्याला येतं हो, तीस हजार म्हणजे चेष्टा नाही.

दुसरं म्हणजे युरोपातल्या एका साउथ एशिया कॉन्फरन्सचं पॅनल निघालंय, लोकरंगभूमीवर. तीनशे शब्दांचं ॲबस्ट्रॅक्ट, तीन आठवडे आहेत. पण तिथे घेतील का, इंग्रजीत उभं राहून बोलता येईल का, या विचारानेच पोटात गोळा येतो. कोणी गेलंय का? खरं काय ते सांगा.

चष्मा_पुसून_वाचा (रत्नागिरी):
ताई, पैसे भरू नका. आधी एवढं वाचा मग ठरवा.

दीड दिवसात ॲक्सेप्टन्स आला यातच सगळं आलं. खऱ्या कॉन्फरन्सला तुमचं ॲबस्ट्रॅक्ट दोन तीन माणसं वाचतात, आपसात भांडतात, आणि उत्तर यायला महिना दोन महिने सहज जातात. तुमचं कोणी वाचलेलंच नाही, पत्त्याच्या जागी नाव टाकून पत्र पाठवलंय. आता त्यांच्या साईटवर जा आणि त्याच तारखेला त्याच हॉटेलात अजून काय काय आहे ते बघा. मी पैज लावतो, इंजिनिअरिंग, मॅनेजमेंट, नर्सिंग, शेती सगळं एकाच हॉलमध्ये असणार. मला आलेल्या एका इन्व्हिटेशनमध्ये समाजशास्त्राच्या सेशनला एक पेपर काँक्रीटच्या मजबुतीवर होता, खोटं नाही सांगत.

कमिटीत जी नावं दिलीत त्यातली दोन निवडा, त्यांच्या विद्यापीठाच्या साईटवरून ईमेल काढा (कॉन्फरन्सच्या साईटवरून नको) आणि सरळ विचारा की सर तुम्ही या कमिटीत आहात का. बऱ्याचदा त्या बिचाऱ्यांना पत्ताच नसतो. आणि गेल्या वर्षीचा कार्यक्रम मागा, कोण कुठल्या पॅनलमध्ये बोललं तो. नुसते ग्रुप फोटो आणि शाली दाखवल्या तर समजून जा.

आयएसबीएनचं कौतुक तर सोडूनच द्या. आपल्याकडे तो राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सीकडून फुकट मिळतो, पुस्तकाला ओळखायचा नंबर आहे तो, दर्जाचा शिक्का नव्हे.

हा धंदा का चालतो तर प्राध्यापकांच्या बढतीला मोजतात त्या पॉइंटमुळे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमात पेपर वाचनाला परदेशात ७, देशातल्या आंतरराष्ट्रीयला ५, राष्ट्रीयला ३ आणि राज्य पातळीला २ असं कोष्टक आहे. आता ७ म्हटलं की लोक बँकॉक दुबई गाठणारच की! जर्नलांचंही तेच. कोलोरॅडोतले ग्रंथपाल जेफ्री बील यांनी पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या अशा प्रकाशकांना 'प्रिडेटरी' (शिकारी) म्हणायला सुरुवात केली, यादी ठेवली, आणि २०१७ च्या जानेवारीत ती साईटवरून उतरवली. आपली केअर लिस्ट, म्हणजे मान्य जर्नलांची यादी, यूजीसीने २०२५ च्या फेब्रुवारीत बंद केली. म्हणजे आता यादी बघून सुटका नाही, स्वतःच डोळे उघडे ठेवायचे.

पायपेटी:
बापरे. बघितलं. त्याच दिवशी त्याच हॉटेलात अकरा कॉन्फरन्स आहेत, त्यात एक दंतवैद्यकाची. दोघांना मेल टाकलेत. पण सर ते युरोपवाल्याचं काय, त्यालाही फी असतेच ना?

सड्यावरचा (राजापूर):
फी असतेच, खऱ्यालाही असते, फीवरून खरं खोटं ठरत नाही. पण बऱ्याच ठिकाणी विद्यार्थी आणि आपल्यासारख्या देशातल्यांना सवलत असते, ती ॲबस्ट्रॅक्ट पाठवतानाच विचारायची, नंतर विचारली तर फंड संपलेला असतो.

मी गेलोय, जर्मनीला, कातळशिल्पांवर (आपल्या सड्यांवर, म्हणजे सपाट कातळमाथ्यांवर, कोरलेल्या जुन्या चित्रांवर) बोललो. अनुभव सांगतो म्हणजे माझ्या चुका तुम्ही करणार नाही, वेगळ्या कराल. पॅनल दीड तासाचं, चौघं बोलणार, म्हणजे एकेकाला पंधरा मिनिटं आणि शेवटी सगळ्यांना मिळून प्रश्न. मी इथून सहा हजार शब्द लिहून नेले होते. पंधरा मिनिटांत इंग्रजीतून समजेल असं वाचायचं तर अठराशे एकोणीसशे शब्द होतात, हे मला विमानात कळलं. बरं तिथे उभा राहिलो तर आधी कोकण कुठे, मग रत्नागिरी कुठे, मग जांभा दगड म्हणजे काय, मग सडा म्हणजे काय यातच नऊ मिनिटं गेली. सडा इंग्रजीत सांगून बघा एकदा, प्लॅटो (पठार) म्हटलं की त्यांच्या डोळ्यापुढे डोंगरच येतो. उक्षी, बारसू, कशेळीचा तो अगडबंब हत्ती, सगळं पीपीटीतच राहिलं, २०२२ ला युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आपली ठिकाणं गेली हेही सांगायचं राहिलं. चेअर बाईंनी 'दोन मिनिटं' अशी चिठ्ठी दाखवली आणि मी घामाघूम.

म्हणून सांगतो, प्रस्तावना नकोच. एका प्रसंगाने सुरुवात करा. तुमच्याकडे तर संकासुर आहे! गणपती येऊन गेलाय, भटजी पूजा सांगतोय आणि काळ्या कपड्यातला संकासुर येऊन मालवणीत त्याची खेचतोय, तो दोन मिनिटांचा संवाद आधी सांगा. वेद पळवणारा राक्षस गावच्या बोलीत बोलतो आणि लोक हसतात ते त्याच्याच बाजूने, यात तुमचा भाषेचा अख्खा मुद्दा आला. इतिहास कोणी विचारला तर बघू, रामदासांच्या दासबोधात दशावतारी खेळणाऱ्यांचा उल्लेख आहे तो खिशात ठेवा, प्रश्नोत्तरात उपयोगी पडतो. आणि 'इंडियन ऑपेरा' वगैरे तुलना करू नका प्लीज, मग चर्चा ऑपेऱ्यावरच जाते.

प्रश्न चांगले येतात पण, हे मात्र सांगायला हवं. इथे आपल्या सेमिनारला पेपर झाला की हार, चहा, पुढचा. तिथे एका मुलीने मला विचारलं की ज्या सड्यावर चित्रं आहेत तो कोणाच्या मालकीचा आणि तिथे गुरं चारणारी माणसं त्या चित्रांना काय म्हणतात. मी गप्प. परत आल्यावर सहा महिने तेवढंच काम केलं, एवढा उपयोग सात पॉइंटांचा नाही झाला. तुम्हाला हमखास विचारतील की संहिताच नाही तर तुम्ही उद्धृत काय करता. एकच आख्यान दोन तीन जत्रांत रेकॉर्ड केलंय का? असेल तर तोच तुमचा पेपर. क्लिप दाखवणार असाल तर चाळीस सेकंद, खाली इंग्रजी ओळी, आणि पेनड्राईव्हवर. तिथल्या वायफायच्या भरवशावर राहू नका.

इंग्रजीची भीती सोडा. माझ्या पॅनलमधला पोलंडचा गृहस्थ माझ्याहून अडखळत होता. आणि मराठी विषय तिथे नवलाचा नसतो, हायडेलबर्गला गुंथर सोन्थायमर यांनी खंडोबा आणि धनगरांवर आयुष्य घातलं, अ‍ॅन फेल्डहाउस यांनी महानुभावांवर केलं. तुमच्याहून जास्त ओव्या पाठ असणारं कोणीतरी समोर बसलेलं असू शकतं, तेव्हा थापा मात्र मारू नका 🙂

कागदाचं_ओझं (सावंतवाडी):
वरच्या दोघांनी छान सांगितलं, मी फक्त रडगाणं जोडतो. शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच) व्हिसाची फी जून २०२४ पासून ९० युरो झालीय, तीस हजार युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतो, अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि अगदी कमीत कमी पंधरा दिवस आधी. बायोमेट्रिकला (बोटांचे ठसे द्यायला) मुंबई, म्हणजे तुतारी एक्स्प्रेस पकडून रातोरात दादर, काम झालं की परत. सीएचबीवाल्यांना बँक स्टेटमेंटचा प्रॉब्लेम येतो, महिन्याला पगार जमा झालेला दिसत नाही ना, तेव्हा आयोजकांचं इन्व्हिटेशन लेटर आणि खर्च कोण करणार ते स्पष्ट लिहून घ्या. कॉलेजची एनओसी आजच मागा. माझी फाईल एका ऑफिसात 'साहेब मीटिंगला' या एका वाक्यावर सात आठवडे पडून होती, शेवटी मी कॉन्फरन्सला ऑनलाईन बोललो, आणि नेमकी तेव्हाच लाईट गेली. इन्व्हर्टरवर लॅपटॉप चालला पण राऊटर लावायचा राहिला होता. असो. आयसीएसएसआरच्या (दिल्लीच्या सामाजिक शास्त्र संशोधन परिषदेच्या) प्रवास-मदतीची चौकशी ॲक्सेप्टन्स येण्याआधीच करून ठेवा.

आडदशावतारी (वालावल):
ह्यां सगळां वाचलंय. व्हिसा झालो, पॉइंट झाले, पेनड्राईव्ह झालो. माका एकच सांगा, जेंच्यावर पेपर लिवतास तेंका तो दाखवलास काय? आमचो आजो पेटारो डोक्यार घेवन जत्रेक जाय. राती राजा, सकाळी कपाळार बोजा म्हणतत ता उगीच न्हय. लोक येतत, फोटो काढतत, रेकॉर्ड करतत, मगे खय जातत देवाक ठावक. रागान बोलणंय नाय गे बाय, पण आधी तेंका वाचून दाखय.

पायपेटी:
उशिरा लिहितेय, सॉरी. कमिटीतल्या एका सरांचं उत्तर आलं, त्यांचं नाव तिथे आहे हे त्यांना माझ्या मेलवरूनच कळलं. तेव्हा बँकॉक कॅन्सल. 'शॉर्टलिस्ट'चे रिमाइंडर अजून येतायत, आता फी दोनशे डॉलरवर आलीय 😀

वालावलच्या दादांचं मनाला लागलं. शुक्रवारच्या जत्रेआधी ज्यांच्यावर माझं निम्मं काम आहे त्या काकांना ॲबस्ट्रॅक्ट मराठीत वाचून दाखवलं. ते तोंडाला रंग लावत होते, हं हं करत ऐकलं, आणि 'इम्प्रोवायझेशन' म्हणजे ऐनवेळी सुचलेलं असं मी सांगितलं तिथे हात थांबवला. म्हणाले, "सुचलेला? हवेतसून येना नाय बाय ता. हरिविजय, पांडवप्रताप कानार पडान पडान पोटात रवलेले आसत, समोरचो काय बोल्लो ता बघून आमी तेतूरला काडतंव." मी चार वर्षं जे लिहीत होते ते एका वाक्यात उलटं झालं. घरी येऊन ॲबस्ट्रॅक्टचा मधला परिच्छेद अख्खा काढला आणि आता पोथी ऐकण्यापासून सुरुवात केलीय, संकासुर त्यानंतर. एकच आख्यान तीन जत्रांतलं माझ्याकडे आहे, तेच घेते.

सोमवारी डेडलाईन आहे. 'पोटात रवलेले' ला इंग्रजीत काय लिहू तेवढं कोणी सांगेल का? 'मेमराइज्ड' लिहिलं होतं, पण पाठ केलेलं वेगळं आणि हे वेगळं.

सड्यावरचा:
मालवणीतच ठेवा आणि पुढे एका ओळीत अर्थ सांगा. तीनशे शब्दांत तेवढी जागा होईल. ड्राफ्ट पाठवा रविवारी, बघतो.