फॉकलंडला गवतावर उतरणारं विमान, कोणी गेलंय का?

पाखरूवेडी: जानेवारीत फॉकलंडला (दक्षिण अटलांटिकमधली ब्रिटिश बेटं) जायचं ठरतंय, सॉन्डर्स बेटावर ३ रात्री, पेंग्विन आणि अल्बाट्रॉससाठी. आता कळलं की राजधानी स्टॅनलीहून तिथे जाणारं छोटं विमान गवताच्या पट्टीवर उतरतं, डांबर नाही, टॉवर नाही. सोबत आई आहे, वय ६७, हे ऐकल्यापासून तिची झोप उडालीये. भरवशाचं आहे का?

सह्यभटक्या: मी जाऊन आलोय, बिनधास्त जा. आयलंडर विमान आहे, दोन पंख्यांचं, थोड्याशा जागेत उठतं नि बसतं. आधी बॅगेसकट तुमचंही वजन करतात, ते आईंना आधीच सांगून ठेवा. आम्ही उतरलो तेव्हा बेटावरचे शेतकरी काका लँडरोव्हर घेऊन हजर, मागे आग विझवायचा ट्रेलर जोडलेला. पट्टीवरच्या मेंढ्या त्यांनीच हाकललेल्या, बॅगाही त्यांनीच उतरवल्या, टपालाची पिशवी चढवली आणि पाच-सात मिनिटांत विमान गेलंसुद्धा. अख्खं विमानतळ म्हणजे ते एक घर! मला फार भरून आलं होतं तेव्हा.

दर्यावर्दी: ही सरकारी सेवा आहे, १९४८ पासूनची, आणि सुरुवातच झाली ती नॉर्थ आर्म या वस्तीतल्या एका आजारी मुलीला स्टॅनलीला उपचारासाठी आणण्यापासून. मग बरीच वर्षं पाण्यावर उतरणारी बीव्हर विमानं होती, आयलंडर १९७९ ला आलं. १९८२ च्या युद्धात पेबल बेटावरच्या असल्याच गवताच्या पट्टीवर ब्रिटिश कमांडोंनी एका रात्रीत अर्जेंटिनाची ११ विमानं निकामी केली होती. आणि हो, पक्कं टाइमटेबल नसतं, बुकिंग बघून आदल्या दिवशी ठरतं, वारा फार असेल किंवा पट्टी भिजलेली असेल तर थांबावं लागतं. त्यामुळे चिलीचं शनिवारचं विमान पकडायचं असेल तर आदली रात्र स्टॅनलीतच काढा, बेटावर नको.

पाखरूवेडी: खूप आभार दोघांचे. आईला सगळं वाचून दाखवलं, त्या आजारी मुलीचं ऐकल्यावर म्हणाली, मग त्यांची रोजची एसटीच की ती, चल जाऊ. आता विचारतेय त्या घरच्यांसाठी काय न्यावं?

सह्यभटक्या: ताजी फळं, बिया काही नेऊ नका, तपासणी कडक असते. बूट घरूनच घासून धुऊन न्या, तळव्यात अडकलेलं एक कुसळही राहायला नको.