समाधान 'मानायचं' की 'असायचं'?

शिवडीकर: परवा हार्बरच्या डब्यात लेकीनं पत्र्यावर चिकटवलेली कुणा बाबाची जाहिरात मोठ्यानं वाचली, 'हर समस्या का समाधान'. मग मला म्हणे, "आजी पाहुण्यांना सारखी म्हणते मला समाधान आहे. म्हणजे तिच्याकडे सगळी उत्तरं आहेत?" अख्खा बाक हसला. पण हिंदीत उपाय आणि मराठीत तृप्ती, हे झालं कसं?

दादरकर: उपायाचा अर्थ मराठीतही आहे की, 'शंकासमाधान'. मूळ संस्कृत सम् + आ + धा, नीट एकत्र ठेवणे. वेदान्तात साधकाच्या अंगी हवेत असे सहा गुण सांगितलेत: शम, दम, उपरती, तितिक्षा, श्रद्धा आणि सहावं समाधान. तिथे त्याचा अर्थ चित्त एका जागी ठरणं. मन ठरलं ती तृप्ती, प्रश्न मिटला ते उत्तर. हा शेवटचा दुवा मी जुळवलेला, तेवढा सोडून द्या.

गिरगावकर: क्रियापदाकडे बघा हो. 'समाधान वाटलं' म्हणजे आतून. 'मानलं' आलं की समजायचं, काहीतरी हुकलंय. पेपरात 'उपविजेतेपदावर समाधान मानावे लागले' असंच येतं. जिंकलेला संघ कधी समाधान मानतो का? साधं राहणाऱ्यांबद्दल लोक सर्रास 'आहे त्यात समाधान मानतात' लिहितात, ते मला खटकतं. त्यांना हवं होतं आणि मिळालं नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं?

शिवडीकर: बरोबर. आई तर 'समाधान' पाहुण्यांपुढेच म्हणते. एरवी तिचा शब्द 'भागतं'. आमची 10 बाय 12 ची खोली, माणसं सात. पाव किलो फरसाण पुरवून पुरवून खायचं, महिना भागायचा. तहानही भागते, ती काही मन मारून नव्हे. आता माझ्या दोन बेडरूममध्ये तीन माणसं आहेत आणि कपाटं भागत नाहीत.

मुलुंडकर: एक भर. आमचे गुजराती शेजारी 'समाधान' तडजोडीला म्हणतात. भावाभावांचा जागेचा वाद कोर्टाबाहेर मिटला की 'समाधान थई गयुं', पेढे!

गिरगावकर: बघा, मानणं तिकडूनच आलेलं दिसतंय. (गंमत केली, पुरावा मागू नका.)

शिवडीकर: आईला तिन्ही अर्थ सांगितले. मेथी निवडता निवडता म्हणाली, "तडजोडीशिवाय त्या खोलीत सात माणसं झोपली असती होय?"