मदत हवी आहे: डोरेमॉनला रापण ओढायला लावायचंय, पण तो चिकटवल्यासारखा दिसतोय

भाच्याच्या वाढदिवसासाठी ए-३ आकाराचं चित्र करतोय. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर संध्याकाळी रापण (किनाऱ्यावरून दोरीने ओढायचं मोठं जाळं) ओढली जातेय आणि दोरीवर रापणकारांच्या रांगेत डोरेमॉन, नोबिता. फर्माईश भाच्याचीच. दोघं किनाऱ्यावर नुसते फिरताना चालणार नाहीत, जाळ्यात बांगडे दिसले पाहिजेत!

किनाऱ्याचा फोटो मीच काढलेला आहे, उभ्याने, समुद्राकडे तोंड करून. पात्रांसाठी १९२० × १०८० चा स्क्रीनशॉट घेतला, क्रिटा या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये तो फिका करून वर नव्या लेयरवर (पारदर्शक थरावर) रेषा गिरवल्या. हात आणि पाय बदलून काढले, चेहरे जवळपास तसेच ठेवले.

आता अडचणी. माउसने रेषा थरथरते (पेन टॅबलेट नाही, या कामापुरता घेणारही नाही). बादलीने (बंद आकारात रंग भरणाऱ्या साधनाने) रंग ओतला की रेषेलगत पांढरी किनार उरते. डोरेमॉनच्या हाताला बोटं नाहीत, गोळाच आहे, तर दोरी धरलेली दाखवू कशी? आणि मुख्य म्हणजे दोघंही फोटोवर स्टिकर डकवल्यासारखे दिसतात. सावली काढून बघितली, फरक नाही.

‘एआयला सांग, करून देईल’ हा सल्ला कृपया नको. मला काढायचंय.

प्रतिसाद १:
दोरी धरूक बोटां व्हयीच असा कोणी सांगल्यान? कार्टूनमध्ये त्याच्या हाताला वस्तू आपसूक चिकटतात. दोरी गोळ्याच्या पुढून ने, बस. पोरं विचारत नाहीत.

प्रतिसाद २:
सावलीच्या आधी क्षितिज बघा. उभ्याने फोटो काढला की समुद्राची रेषा तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर येते, म्हणजे सपाट वाळूवर उभ्या मोठ्या माणसांची डोकी साधारण त्या रेषेला लागतात. नोबिता पोरगा आहे, त्याचं डोकं रेषेच्या खालीच हवं, डोरेमॉनचंही. बहुतेक तुमचे दोघे वर आले असतील, म्हणून तरंगतात.

मग उजेड. चिवल्याला सूर्य समुद्रात बुडतो, म्हणजे तुमच्या फोटोत प्रकाश समोरून येतोय आणि आपल्याला दिसणारी बाजू सावलीतली आहे. स्क्रीनशॉटमधले रंग मात्र भर दुपारचे, सपाट. पात्राच्या लेयरवर क्लिप केलेला (पात्राच्या आकाराबाहेर न जाणारा) एक मल्टिप्लाय लेयर (खालचे रंग गडद करणारा) घ्या, त्यात फिकट जांभळा भरा. समुद्राकडच्या कडांवर बारीक नारिंगी रेघ मारा. सावली वाळूवर आपल्याकडे लांब येऊ द्या.

एवढं करूनही फोटो आणि कार्टून भांडणारच. जुन्या जपानी कार्टूनमध्ये पात्रं सेलवर, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या पातळ तावावर, रेषेसकट रंगवत आणि पार्श्वभूमी वेगळ्या कागदावर पोस्टर कलरने. तुम्हीही फोटोवरून वाळू, माड, होड्या मऊ ब्रशने रंगवून घ्या, त्यांना काळी बाह्यरेषा देऊ नका. रापणकारांना मात्र द्या, ते पात्रं आहेत. वेळ इथेच जाईल, पण चित्र इथेच जमेल.

थरथरीला ब्रशच्या पर्यायांत स्टॅबिलायझर (हाताची थरथर सावरणारी सोय) लावा, किंवा व्हेक्टर लेयरवर, जिथे काढलेली रेषा नंतरही वाकवता येते, वक्ररेषा ओढा. माउसवाल्यांना दुसरं बरं. पांढऱ्या किनारीसाठी बादलीच्या पर्यायांत निवड दोन-तीन पिक्सेल वाढवा आणि रंगाचा लेयर रेषेच्या खाली ठेवा.

कॅनव्हास केवढा घेतलाय?

धागाकर्ता:
क्षितिज! नोबिताचं डोकं थेट आभाळात आहे. कॅनव्हास स्क्रीनशॉटएवढाच.

प्रतिसाद २:
मग आत्ताच थांबा. ए-३ ला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) ४९६१ × ३५०८ पिक्सेल लागतात, १९२० पिक्सेल जेमतेम साडेसहा इंच पुरतात. नव्या कॅनव्हासवर स्क्रीनशॉट मोठा करून खाली ठेवा. तो धुरकट दिसला तरी चालेल, रेषा तुमच्या नव्या असणार. छपाईत भडक निळा मळकट किंवा जांभळट होतो, तेव्हा आधी छोटा नमुना छापून घ्या.

धागाकर्ता:
नमुना काढतो. छपाईवाला म्हणतोय, पर्यटकांसाठी मगवर छापून विकू. चालेल?

प्रतिसाद १:
घरच्या भिंतीवर कोण विचारत नाही. विकायचं तर हक्क असलेल्या कंपनीची परवानगी लागेल. मगवर नुसती रापण छाप, ती आपलीच आहे.