शब्दचर्चा: ‘वेपन अटॅक’ म्हणजे ‘शस्त्राने हल्ला’ का?

प्रश्न

आमच्या डी अँड डीच्या (‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या फासे टाकून खेळायच्या भूमिका-खेळाच्या) गटात २०१४ च्या नियमांचं एक मराठी टिपण फिरतंय. त्यात मंकच्या (मुठी-लाथांनी लढणाऱ्या योद्ध्याच्या) पानावर ‘मेली वेपन अटॅक’साठी ‘शस्त्राने जवळून केलेला हल्ला’ असं लिहिलंय. परवा मंकने ओगर नावाच्या राक्षसाला लाथ घातली, ती बसली. खेळणारी मुलगी म्हणाली, “एक की पॉइंट लावते, स्टनिंग स्ट्राइक.” (की पॉइंट ही मंकची खर्चायची शक्ती, स्टनिंग स्ट्राइक म्हणजे ती खर्चून शत्रूला सुन्न करणं.) लगेच दुसऱ्याने टिपण पुढे केलं: शस्त्राने केलेला हल्ला हवा, लाथ म्हणजे शस्त्र नव्हे. अर्धा तास खेळ अडला. नेमका शब्द कोणता घ्यावा?

प्रतिसाद

लाथ चालते, स्टनही करता येतं. घोटाळा ‘ने’ या प्रत्ययाचा आहे.

इंग्रजीत ‘वेपन’ आणि ‘अटॅक’ नुसते शेजारी उभे आहेत, त्यांचं एकमेकांशी नातं काय ते सांगितलेलं नाही. मराठीत ‘शस्त्र’ आणि ‘हल्ला’ जवळ आले की विग्रह करताना तोंडात तृतीयाच येते. या खेळात मात्र ‘वेपन अटॅक’ हे हल्ल्याच्या जातीचं नाव आहे. २०१४ च्या नियमांत हल्ले दोन जातींचे, वेपन आणि स्पेल. मंत्राचा नसला की तो पहिल्या जातीत गेला, हातात काही असो वा नसो. पटत नसेल तर मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये (खेळातल्या प्राणी-राक्षसांच्या पुस्तकात) लांडग्याचं पान काढा. त्याच्या चाव्यापुढेही ‘मेली वेपन अटॅक’ असंच छापलंय, आणि लांडग्याने तोंडात तलवार धरलेली नसते.

लाथेपुरतं तर पुस्तक आणखी स्पष्ट आहे. ठोसा, लाथ, डोक्याची धडक यांपैकी काहीही शस्त्र धरायचं नाही, पण मेली वेपन अटॅक करताना शस्त्राच्या जागी ते वापरता येतं. दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात आहेत. सुरुवातीच्या छपाईत निःशस्त्र प्रहार शस्त्रांच्या तक्त्यातच होता, पुढे शुद्धिपत्राने तो तिथून काढला. जुनी प्रत आणि सुधारलेली प्रत एकाच टेबलावर असतील तर निम्मी भांडणं तिथूनच निघतात.

माझ्या मते इथे षष्ठी लावावी: ‘शस्त्रगटाचा हल्ला’ आणि त्याच्यासमोर ‘मंत्रगटाचा हल्ला’. षष्ठी नुसतं नातं दाखवते, साधन कोणतं ते सांगत नाही. तृतीया राखून ठेवा, कारण तिची गरज दुसरीकडे पडते. ‘रोग’ (Rogue, चोरटा लढवय्या) या पात्राच्या स्नीक अटॅकला फिनेस (चपळाईने चालवायचं) किंवा रेंज्ड (दुरून मारायचं) शस्त्र खरोखर लागतं. ‘मॅजिक वेपन’ हा मंत्र शस्त्रावरच टाकायचा असतो, मुठीवर नाही. अशा ठिकाणी बिनदिक्कत ‘शस्त्राने’, ‘शस्त्रावर’ लिहा. पॅलडिनचा (व्रतस्थ योद्ध्याचा) डिव्हाइन स्माइट, म्हणजे फटक्याला दैवी इजा जोडणं, मात्र मधेच लोंबकळतो. त्याची सुरुवात ‘मेली वेपन अटॅक’ने होते आणि पुढे ‘शस्त्राच्या इजेबरोबर’ असे शब्द येतात. अधिकृत खुलाशात त्या पुढच्या शब्दांवर बोट ठेवून निःशस्त्र प्रहाराला नकार दिलाय, पण डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) परवानगी दिली तरी खेळाचा तोल बिघडत नाही, असंही तिथेच म्हटलंय. मी असते तर दिली असती.

आता ‘जवळून’. हाही शब्द बदला. खेटून उभ्या असलेल्या गॉब्लिनवर धनुष्य चालवलं तर बाण जवळूनच सुटतो, पण नियमाच्या हिशेबात तो रेंज्ड हल्लाच राहतो, वर डिसअ‍ॅडव्हांटेज (दोन फाशांतला लहान आकडा घेणं) मिळतो तो वेगळा. ‘मेली’ला आपल्याकडे ‘हातघाई’ हा तयार शब्द आहे. ‘शस्त्रगटाचा हातघाईचा हल्ला’ लांबलचक वाटेल, पण नियमाच्या टिपणात लांबी चालते, धूसरपणा चालत नाही.

प्रश्नकर्ता

ताई, मनापासून आभार. विग्रहाकडे आमच्यापैकी कुणाचंच लक्ष गेलं नव्हतं. आणखी एक: त्याच टिपणात ‘अनआर्म्ड स्ट्राइक’ला ‘मुष्टिप्रहार’ केलंय. ऐकायला दमदार वाटतं, ठेवू का?

प्रतिसाद

ठेवू नका. दोन्ही हात गुंतलेले असताना मंक मारू शकतो की नाही, हा प्रश्न प्रत्येक मोहिमेत एकदा येतो, आणि ‘मुष्टि’ लिहिलंत की लोक नाही म्हणणार. २००३ च्या ३.५ आवृत्तीत तर कोपर, गुडघे, पाय सगळे मोजून लिहिले होते आणि हात भरलेले असले तरी चालेल असं स्पष्ट सांगितलं होतं. ‘निःशस्त्र प्रहार’ बरा.

मात्र २०२४ च्या पुस्तकावर जाणार असाल तर ‘प्रहार’ही अपुरा पडेल. तिथे अनआर्म्ड स्ट्राइकच्या पोटात तीन पर्याय आहेत: इजा करणं, धरून ठेवणं आणि ढकलणं. धरण्याला कुस्तीतला ‘पकड’ चपखल बसतो, ढकलण्याला ‘रेटा’. तिन्हींवरचं नाव म्हणून मी ‘निःशस्त्र डाव’ घेईन.

दुसऱ्या सदस्याचा प्रतिसाद

वरच्या ताईंशी सहमत. त्याच पानावरचा ‘पर्यंत’ही तपासून घ्या. २०१४ मध्ये स्टन झालेला शत्रू मंकच्या पुढच्या टर्नच्या शेवटापर्यंत तसाच राहतो. २०२४ मध्ये पुढच्या टर्नच्या सुरुवातीपर्यंतच. ‘पुढच्या टर्नपर्यंत’ एवढंच लिहिलं तर वाचणारा सुरुवातच समजतो, आणि २०१४ च्या मंकची एक अख्खी टर्न बुडते. स्टन झालेल्यावर प्रत्येक हल्ला अ‍ॅडव्हांटेजने (दोन फाशांतला मोठा आकडा घेऊन) होतो, त्यामुळे हे नुकसान लहान नाही.

तसंच ‘हल्ला’ आणि ‘हल्ल्याची कृती’ वेगळे ठेवा. २०१४ मध्ये फ्लरी ऑफ ब्लोज (मंकचे जादा फटके) आपल्या टर्नमध्ये अटॅक अ‍ॅक्शन घेतल्यावर लगेचच मिळतं, डॉज (बचावाची कृती) केल्यावर नाही. पळणाऱ्या शत्रूवर रिअ‍ॅक्शन म्हणून मारलेला फटका हा ‘हल्ला’ आहे, ‘हल्ल्याची कृती’ नव्हे. म्हणून त्यावर फ्लरी नाही, पण स्टनिंग स्ट्राइक आहे, कारण त्या नियमात नुसता हल्ला लागणं एवढीच अट आहे. २०२४ मध्ये फ्लरीला ही अट राहिली नाही, एक फोकस पॉइंट (की पॉइंटचं नवं नाव) आणि बोनस अ‍ॅक्शन पुरते.

प्रश्नकर्ता

म्हणजे दोन आवृत्त्यांची दोन टिपणं करावी लागणार?

प्रतिसाद

हो, वेगळी करा आणि प्रत्येक पानाच्या माथ्यावर साल घाला. स्टनिंग स्ट्राइकपुरतं २०२४ चं काम सोपं आहे: ‘मंकचं शस्त्र किंवा निःशस्त्र डाव’ असं दोन्हींचं नाव मूळातच घेतलंय, आणि ते टर्नमध्ये एकदाच करता येतं. ओगरचा निकाल मात्र २०१४ प्रमाणेच द्या: लाथ बसली, एक ‘की पॉइंट’ गेला, आता त्याला कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (काटकपणावरचा बचावाचा फासा) टाकू द्या.